धुराची बाटली

माझ्या बायकोला वास येत नाही हे मला कळलं तेव्हा मी एका सहा मजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उभा होतो. लिफ्ट दुरुस्तीचं काम मी पस्तीस वर्षं करतोय. खड्ड्यात उतरताना फोन वर ठेवायचा हा माझा नियम आहे. रखवालदार वरून ओरडला, "मिस्त्री, तुमचा फोन थांबतच नाहीये." वर येऊन पाहिलं तर साबणाच्या कारखान्यातल्या मॅनेजरचे सहा कॉल. त्या कारखान्यात माझी बायको अठ्ठावीस वर्षं कामाला होती.

"मिसेसना घ्यायला या," मॅनेजर म्हणाला. "आणि एक विचारतो, राग मानू नका. त्यांना वास येतो का?"

मी हसलो. तिचं कामच वास घ्यायचं होतं. साबणात घालायचं सुगंधी तेल ड्रममधून यायचं. प्रत्येक ड्रममधलं थोडं तेल कागदाच्या पट्टीवर घेऊन हुंगायचं, ठीक असेल तर सही करायची. दोन टेबलं, दोन बाया, दोन सह्या. मग तो ड्रम पुढे जायचा.

"हसू नका," मॅनेजर म्हणाला. "आत्ता मी त्यांना तीन बाटल्या हुंगायला दिल्या. एकीत खवट तेल होतं. त्या म्हणाल्या, तिन्ही ठीक आहेत."

त्यानंतर ती पाच महिने जगली.

कारखान्यात झालं होतं ते असं. आदल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरची बाई रजेवर होती, म्हणून ड्रमवर बायकोची एकटीची सही झाली. ड्रम खराब होता. त्या तेलाचे साबण दुकानांत गेले आणि परत आले. अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी तिला कारखान्यातून थेट डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आमचा घरचा डॉक्टर, आणि माझा शाळेतला बाकावरचा सोबती. त्याचा दवाखाना त्याच्या घरातच पुढच्या खोलीत आहे. मी म्हटलं, हिला वास येत नाही म्हणे. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं. त्यानं काही विचारलं नाही. घसा बघितला नाही, नाकात बॅटरी मारून बघितलं नाही. सरळ चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, "आजच्या आज डोक्याचा स्कॅन काढा." मला तेव्हा वाटलं, काय हुशार माणूस आहे, एका वाक्यावरून ओळखलं. मी चार लोकांना तसं सांगितलंही.

गाठ निघाली. कपाळाच्या मागे, नाकाच्या वर, लिंबाएवढी. हॉस्पिटलातला सर्जन म्हणाला, "वास जाणं ही हिची पहिली खूण असते. त्याच वेळी आला असतात तर गोष्ट वेगळी होती." ऑपरेशन झालं, मग ताप आला, मग दुसरं ऑपरेशन. डॉक्टर रोज दवाखाना बंद करून हॉस्पिटलात येऊन बसायचा. माझ्यासाठी थर्मासमधून चहा आणायचा. ती गेली तेव्हा मुलीला फोन त्यानं केला, कारण मला नंबर दाबता येईना.

पहिल्या ऑपरेशनच्या आधी ती आठ दिवस घरी होती. त्या आठ दिवसांत कारखान्याचं पत्र आलं. चार ओळी होत्या. कामातील निष्काळजीपणामुळे आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. तिनं ते वाचलं, घडी घातली, परत उघडलं, परत वाचलं.

"बाकी काय लिहायचं ते लिहा म्हणावं," ती म्हणाली. "निष्काळजी मी नव्हते. अहो, एवढं तुम्ही त्यांच्याकडून बदलून घ्या."

"घेतो."

"हो म्हणून विसराल."

"नाही विसरत."

देणंघेणं काही राहिलं नव्हतं, तिचं जे होतं ते सगळं मिळालं. प्रश्न त्या एका शब्दाचा होता. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी मॅनेजरला भेटलो. माणूस वाईट नाही. म्हणाला, "मलाही तो शब्द बरा वाटत नाही. पण वरच्यांना कागद लागतो. तो ड्रम पास व्हायच्या आधीच त्यांचा वास गेला होता, असं एखाद्या डॉक्टरनं लिहून द्यावं. मग मी 'आजारपणामुळे' करून घेतो. हॉस्पिटलचे कागद सगळे नंतरचे आहेत."

मी डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "माझ्याकडे नोंद नाही. कार्डावर काही नाही. नोंद नसताना काय लिहू?" महिन्याभरानं परत गेलो. तेच. फक्त दुसऱ्या खेपेला हे बोलताना तो बीपीच्या मशीनची नळी गुंडाळत होता, आणि ती आधीच गुंडाळलेली होती.

अशात त्याचा वाढदिवस आला, पासष्टावा.

डॉक्टरच्या वाढदिवसाला आमच्याकडून व्हिस्कीची बाटली जायची. साधी नाही, सिंगल माल्ट, जुनी, बारा-पंधरा वर्षं पिंपात राहिलेली. आमच्या घरात कुणी पीत नाही. पण मुलीच्या जन्माच्या वेळी बायको अडली होती, तेव्हा हा सत्तावीस तास जागचा हलला नाही आणि फी घेतली नाही. बायकोनं विचारलं, भावजी, तुम्हाला काय आवडतं. त्यानं चेष्टेत सांगितलं. ती दारूच्या दुकानात गेली, दुकानदाराला म्हणाली, मला प्यायची नाही, हुंगायची आहे. दुकानदारानं अंगठ्याएवढ्या ग्लासात दोन-दोन थेंब ओतून दिले. त्यांतली एक तिनं निवडली, आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "वहिनी, माझ्या बायकोला इतक्या वर्षांत माझी आवड कळली नाही, तुम्हाला एका हुंगण्यात कळली."

मग ती पद्धतच पडली. दर वर्षी ती जायची, मी सोबत. तिचं हुंगणं बघण्यासारखं होतं. ग्लास नाकाशी न्यायची नाही, हनुवटीशी धरायची. "ही मनुकांचा डबा उघडल्यासारखी. ही नव्या टेबलाच्या खणासारखी. ही नको, हिला धूर आहे, भावजींना धूर चालत नाही." डॉक्टर लहान असताना त्यांच्या घराला आग लागली होती. शेकोटीजवळसुद्धा तो बसत नाही. हे मी तिला सांगितलं होतं, आणि तिच्या ते कायम ध्यानात राहिलं.

गेल्या वर्षी मात्र बाटली धुराची निघाली.

डॉक्टरनं सगळ्यांसमोर घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, या वर्षी मला पेटवून द्यायचा विचार आहे का? ही व्हिस्की आहे की विझवलेली शेकोटी?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. म्हणालो, "नाक रिटायर झालं वाटतं." तीही हसली, पण जरा मागाहून. घरी येताना मी विचारलं, काय गं, कशी काय चुकलीस? म्हणाली, "एखाद वेळी बदल." मी म्हटलं, ठीक.

खुणा घरातही होत्या. पूर्वी मी कामावरून आलो की ती दारातच सांगायची, आज जुन्या लिफ्टवर होतात, ग्रीस लिफ्टच्या तारेच्या दोराचं आहे. किंवा, आज मोटर जळाली वाटतं कुणाची. तीस वर्षं तिनं माझा दिवस असा वासावरून सांगितला. मग ते बंद झालं. मला वाटलं, कंटाळली. तीस वर्षांनी नवऱ्याचा कंटाळा येतो, येऊ दे. मी चप्पल काढायचो आणि टीव्ही लावायचो.

तर या वर्षी मुलगी म्हणाली, "बाबा, काकांना बाटली आपल्याकडून जायलाच हवी. आईची पद्धत आहे. तुम्ही निवडा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"दुकानदार सांगेल. आणि जरा बरी घ्या. पासष्टी आहे."

खरं सांगायचं तर मी बाटली गोडीनं आणणार नव्हतो. मला पत्र हवं होतं. म्हटलं, चांगली अठरा वर्षांची देऊ, खूश होईल, मग एकटा गाठून परत विचारू. माझ्या मनात एवढंच होतं.

दुकान चष्म्याच्या दुकानाला लागून आहे. मी गेलो तर दुकानदार शिडीवर चढून वरच्या फळीवरची धूळ पुसत होता. मला बघून उतरला. पाच मिनिटं बायकोबद्दल बोलला. म्हणाला, असं नाक मी पाहिलं नाही, कंपनीचे लोक येतात त्यांनाही नाही. मी म्हटलं, डॉक्टरसाठी हवी, अठरा वर्षांची. एक विचारतो, ती मागच्या एखाद्या वर्षीची बाटली तशीच ठेवली असती तर आता जास्त जुनी झाली असती का?

"नाही हो. पिंपात असते तोवरच वय वाढतं. बाटलीत भरली की जेवढी आहे तेवढीच. बारा वर्षांची बाटली कपाटात वीस वर्षं ठेवा, ती बाराचीच."

त्यानं काउंटरखालून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. "ही घ्या. अठराची. मनुका, लाकूड, धूर अजिबात नाही. ही बाजूलाच काढून ठेवली होती."

"माझ्यासाठी? मी येणार हे कुणी सांगितलं?"

"तुमच्यासाठी नाही, बाईंसाठी. गेल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं ना डॉक्टरांनी."

"काय सांगून ठेवलं होतं?"

दुकानदार सरळ मनानं बोलत होता. त्याला वाटलं, मला माहीत आहे. "तो वाढदिवस झाला, त्यानंतर महिन्याभरानं असेल. डॉक्टर आले. म्हणाले, वहिनींना हल्ली वास येत नाही. पुढच्या वर्षी त्या आल्या की तुम्हीच माझ्या नेहमीच्या चवीची बाटली पुढे करा. ग्लास द्या, हुंगू द्या, पण बाटली हीच द्या. त्यांना ओशाळं वाटायला नको. फार जीव हो त्यांचा बाईंवर. मला तर आधीच शंका आली होती. त्या दिवशी बाईंनी तीन ग्लास हुंगले आणि मला विचारलं, तुम्हाला कुठली आवडते? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी आपली माझी आवडती सांगितली. ती धुराची."

मी काउंटरला धरून उभा राहिलो. महिन्याभरानं, म्हणजे ड्रमच्या दोन महिने आधी. डॉक्टरला माहीत होतं. त्यानं स्कॅन सांगितला नाही, मला सांगितलं नाही. दुकानदाराला सांगितलं.

"पाणी देऊ का?" दुकानदारानं विचारलं.

"नको. ती गेल्या वर्षीची आहे का?"

"धुराची? आहे की. पण डॉक्टरांना ती..."

"तीच द्या. कागदात बांधून द्या."

रविवारी दुपारी आम्ही डॉक्टरकडे जेवायला गेलो. मी, मुलगी, जावई. दोन-तीन शेजारी होते, डॉक्टरच्या बायकोची बहीण होती. जेवणं झाली. केक कापला. डॉक्टरनं एकेक भेट उघडायला घेतली. कुणी स्वेटर दिला होता, कुणी चालायची काठी. काठीवरून थट्टा चालली होती. "अजून तीन पायांवर नाही आलो," डॉक्टर म्हणाला. "मिस्त्री, आता तुझी. बघू नाकाशिवाय काय दिवे लावलेत."

तो हे बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं. त्यानं कागद फाडला, चिकटपट्टी नखानं काढली, बाटलीवरचं लेबल वाचलं. वाचून झाल्यावर लगेच वर बघितलं नाही.

"अहो, ही तीच ना, गेल्या वर्षीची?" डॉक्टरची बायको म्हणाली. "मिस्त्रीभावजी, आठवत नाही का तुम्हाला? यांना धूर नाही चालत."

"आठवतं," मी म्हणालो.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, दुकानदारानं चुकून दिली का?"

"चुकून नाही. मागून घेतली."

डॉक्टरनं ग्लास घेतला, बूच काढलं, दोन बोटं ओतली आणि एका दमात प्यायला. डोळ्यांत पाणी आलं. खोकला दाबला. "छान आहे," म्हणाला. मग उठला. "मिस्त्री, दवाखान्यातला पंखा आवाज करतोय. जरा बघतोस?"

"लिफ्टवाल्याला पंखा दाखवतोय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे परत बोलायला लागले.

दवाखान्यात त्यानं दार लावलं. पंखा बंदच होता. डॉक्टरची खुर्ची माझ्याजवळ होती म्हणून मी तिच्यात बसलो, आणि तो पेशंटच्या स्टुलावर.

"दुकानात कळलं तुला," तो म्हणाला.

"दुकानात कळलं. तुझ्याकडून कळायला हवं होतं. हॉस्पिटलात तीन महिने शेजारी बसलास."

"हो."

"नुसतं हो म्हणू नकोस. सांग."

त्यानं सांगितलं. गेल्या वर्षीच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला, दवाखाना उघडायच्या आधी, ती आली होती. म्हणाली, भावजी, चार महिने झाले, वास येत नाही. सर्दी नाही, काही नाही. कार्डावर लिहू नका. कारखान्याची तपासणी तुमच्याकडेच असते, ते कार्ड मागतात. आणि घरी सांगू नका.

"घरी का नाही?"

"सांगू?"

"सांग."

"म्हणाली, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या मॅनेजरला जाऊन सांगतील, हिला सोपं काम द्या. म्हणाली, मला सोपं काम नको."

हे ती म्हणाली असेल. मला तिचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"मग तू काय केलंस?"

"नाकात मारायचा फवारा दिला. महिन्यानं ये म्हटलं. आली. म्हणाली, येतोय आता थोडा थोडा. मी कॉफीचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. म्हणाली, कॉफी. डब्यावर कॉफी लिहिलेलं होतं, मिस्त्री. मला ते ती दवाखान्यातून बाहेर पडल्यावर लक्षात आलं. पाच मिनिटांनी."

"आणि त्याच आठवड्यात तू दुकानात जाऊन सांगितलंस की तिला वास येत नाही."

"हो."

"म्हणजे तुझा त्या कॉफीवर विश्वास नव्हता."

त्यानं स्टूल जरा मागे सरकवलं.

"स्कॅन मनात आला नाही?"

"आला होता. एकदा आला. म्हटलं, उगाच घाबरेल. वय झालं की जातो वास, म्हटलं. नोकरीची दोन वर्षं राहिली होती तिची, निभतील म्हटलं. मला तिला लाजवायचं नव्हतं."

"नाहीच लाजवलंस."

बाहेर कुणीतरी चहा हवाय का म्हणून विचारून गेलं. डॉक्टर म्हणाला, नको.

"पत्र लिही," मी म्हणालो. "कुठल्या तारखेला आली, काय म्हणाली, सगळं लिही. दोनदा तू मला नोंद नाही म्हणून परत पाठवलंस."

"नोंद नाहीच आहे."

"आता लिही."

"लिहितो. पण आधी ऐक. मी लिहिणार की ड्रमच्या तीन महिने आधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, चार महिने वास नाही. म्हणजे सात महिने. सात महिने ती रोज हुंगल्यासारखं करून सही करत होती. मॅनेजर ते वाचेल. वरचे वाचतील. आत्ता ती त्यांच्या कागदावर निष्काळजी आहे. हे पत्र गेलं की लबाड होईल. तुला कुठला शब्द हवाय?"

"तू स्वतःला वाचवतोयस."

"तेही आहे. माझं लायसन्स जाईल, ते मला कळतं. पण मला बाजूला काढलंस तरी प्रश्न तोच राहतो."

मी म्हटलं, "ती लबाड नव्हती."

"मी कुठे म्हणतो होती? तिनं मला सांगितलं ती काय करायची. शेजारची बाई पट्टी नाकाला लावायची, ही तिच्या तोंडाकडे बघायची. तिच्या कपाळाला आठी पडली की ही आधीच म्हणायची, परत पाठवा. शंका आली की तोच ड्रम दुसऱ्या दिवशी परत काढायची. सात महिन्यांत एक चुकीची सही नाही. ती बाई रजेवर गेली आणि पहिली चूक झाली. याला निष्काळजी म्हणत नाहीत. पण याला काय म्हणतात, ते कारखान्याच्या पत्रात लिहिता येत नाही."

मला राग हवा होता. घरून निघताना भरपूर होता. मी म्हणालो, "तू सांगितलं असतंस तर ती जगली असती."

"कदाचित."

"कदाचित काय? सर्जन म्हणाला."

"मग जगली असती," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "पण मी तिला वर्षातून चार वेळा बघायचो, लेका. तू रोज घरात होतास. रोज. सात महिने. तुला काहीच कळलं नाही? एकदाही?"

मी टेबलावरचा त्याचा शिक्का उचलला आणि परत ठेवला. भिंतीवर उंची मोजायची पट्टी होती. तिच्यावर आमच्या मुलीच्या लहानपणच्या खुणा अजून होत्या. मी त्या मोजल्या.

"माफ कर," तो म्हणाला.

"नको. खरं आहे ते."

त्यानं मला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसला आणि पत्र लिहिलं. दवाखान्याच्या कागदावर, हातानं, एरवी लिहितो त्यापेक्षा सुवाच्य. तारीख, वेळ, ती काय म्हणाली, त्यानं काय दिलं. शेवटी लिहिलं, ही माहिती असून मी नोंद केली नाही व पुढील तपासणी सुचवली नाही. सही केली, शिक्का मारला. पाकीट चिकटवलं नाही.

"घे," म्हणाला. "द्यायचं की नाही ते तू ठरव. मी विचारणार नाही."

आम्ही बाहेर आलो. डॉक्टरच्या बायकोनं विचारलं, झाला का पंखा? मी म्हटलं, बेअरिंग गेलंय. मुलीनं माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. निघताना डॉक्टर दारापर्यंत आला. दर वर्षी तो म्हणायचा, उद्या येतो बाटलीचा रिपोर्ट द्यायला. या वर्षी काही म्हणाला नाही. मीही नाही. त्या दिवसापासून आम्ही भेटलेलो नाही. त्याच्या रस्त्यावर दोन लिफ्टचं काम आहे माझ्याकडे, तिथं जाताना मी मागच्या गल्लीनं जातो.

याला आता सहा आठवडे झाले. एकदा कारखान्याच्या दारापर्यंत गेलो होतो. दुपारच्या सुट्टीची वेळ होती. तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई बाहेर उभी होती. मला बघून जवळ आली, हात धरला. म्हणाली, "भाऊ, त्यांच्यासारखं कसबी माणूस आता होणे नाही. मी तर पंधरा वर्षं त्यांच्याकडे बघून शिकले." मी हो म्हणालो. तिच्या सह्या माझ्या बायकोच्या सह्यांच्या शेजारी आहेत, सगळ्या. तिला काही माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. आत न जाता परत आलो.

मुलगी फोनवर विचारते, "बाबा, काकांनी पत्र दिलं का?" मी सांगतो, अजून नाही. ती काकांवर चिडते. म्हणते, एवढ्या ओळखीचा माणूस आणि चार ओळी लिहिता येत नाहीत. मी तिला चिडू देतो. हे बरोबर नाही, मला कळतं. पण सांगितलं तर तिला सगळं सांगावं लागेल. तिची आई सात महिने काय करत होती ते, आणि तेव्हा तिचे बाबा टीव्ही बघत होते तेही.

बायकोला मी शब्द बदलून घेतो म्हणालो होतो. मॅनेजर परवा भेटला, म्हणाला, वर्षअखेरीला फाइल बंद होते, त्याआधी काय ते आणा. वर्षअखेरीला पाच आठवडे आहेत. पत्र घरात आहे. ते कारखान्यात द्यायचं राहिलं आहे.